किल्ली बदलली, तरी मशीनं उगवतायत!

गोदाकाठी (गुरुवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे द्राक्षं, पाऊस आणि मिसळ यांवरच लिहितो. आज घाम फुटलाय म्हणून तांत्रिक विभागात धागा काढतोय.

नाशिकला आमची सात जणांची कंपनी आहे. द्राक्षाच्या पॅकहाउसना लागणारं सॉफ्टवेअर करतो. कुठल्या बागेचा माल, कुठली फवारणी कधी झाली, कुठल्या पेटीवर कुठलं लेबल, असलं सगळं. मुक्काम ॲमेझॉनच्या क्लाउडवर (त्यांची भाड्याची मशीनं), मुंबई रीजनमध्ये, म्हणजे त्यांच्या मुंबईच्या डेटा सेंटरांत. महिन्याचं बिल १२ हजारांच्या आसपास.

मंगळवारी रात्री आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलाने घरून काम करता यावं म्हणून कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, स्वतःच्या खात्यात चढवला. रेपो (कोडाचं कपाट) पब्लिक, आणि आत ती डॉट-ईएनव्ही फाइल, सॉफ्टवेअरची गुपितं ठेवायची. ॲमेझॉनचा मेल आला होता की तुमची ॲक्सेस की (क्लाउडचं खातं चालवायची किल्ली) उघड्यावर सापडली आहे. मी तो बुधवारी दुपारी पाहिला, कारण सकाळभर दिंडोरीच्या पॅकहाउसवर होतो. पाहिल्याबरोबर किल्ली डिलीट केली, नवी काढली, रेपो प्रायव्हेट केला आणि जेवायला गेलो.

आज बिल बघतो तर २ लाख ८० हजार! मुंबईत सगळं नेहमीसारखं, पण ओहायो, ओरेगॉन, फ्रँकफर्टमध्ये मोठमोठी मशीनं गरगरतायत. बंद केली, तर दहा मिनिटांत तितकीच नवी हजर. किल्ली तर बदललीय. मग चोर येतोय कुठून? आणि अशी फुटलेली किल्ली बदलायची नेमकी रीत काय असते? कुणी जागं असेल तर सांगा.

बाइटवडा (११:५२)

अरे देवा. पॉपकॉर्न घेऊन धागा उघडला होता, आता बाजूला ठेवून उदबत्ती लावतोय.

चांदणचुरा (शुक्रवार, १२:०६)

गोदाकाठी, आधी हे करा, गप्पा नंतर.

मशीनं एकेक मारत बसू नका. तितकीच्या तितकी परत येतायत म्हणजे ती कुणी हाताने चालू करत नाहीये. प्रत्येक रीजनमध्ये ईसी-टू (भाड्याच्या मशीनांचं पान) उघडा आणि डावीकडच्या यादीत खाली 'ऑटो स्केलिंग ग्रुप्स' बघा. चोराने ग्रुप करून ठेवला असणार, 'मला कायम इतकी मशीनं हवीत' असं सांगून. तुम्ही एक मारलं की ॲमेझॉन स्वतःच दुसरं उभं करतं. त्याला जुनी किल्लीही लागत नाही आणि नवीही. आधी ग्रुप उडवा, मग त्यांचे लाँच टेम्प्लेट (नवं मशीन उभारायचे साचे). एखादं मशीन मरतच नसेल तर त्यावर टर्मिनेशन प्रोटेक्शन लावलेलं असेल, ते काढा.

दुसरं म्हणजे आयएएममध्ये (कुणाला काय अधिकार ते जिथे ठरतं) युजर्सची यादी तारखेने लावा. मंगळवारनंतर जन्मलेलं कुणी आहे का?

सांगलीचा_बेदाणा (१२:११)

रक्तबीज! एक थेंब सांडला की नवा राक्षस.

गोदाकाठी (१२:४९)

चांदणताई, दंडवत घ्या. सहा रीजनमध्ये ग्रुप सापडले. साओ पाउलोतसुद्धा. तिकडे मी डोकावलोही नव्हतो. सगळे उडवले, वीस मिनिटं झाली, नवीन काही उगवलेलं नाही.

आणि युजर्सच्या यादीत 'बॅकअप-ॲडमिन' नावाचा एक इसम बसलाय. आमच्यापैकी कुणी केलेला नाही. त्याच्याकडे कन्सोलचा (ब्राउझरमधून खातं चालवायच्या पानाचा) पासवर्ड आहे, दोन किल्ल्या आहेत आणि ॲडमिनचे सगळे अधिकार आहेत. जन्म मंगळवार, रात्री ९:१४. पोराने कोड चढवला ९:०५ च्या सुमारास. नऊ मिनिटं!

चांदणचुरा (१:०२)

नऊ मिनिटं म्हणजे नेहमीचाच वेग. ही माणसं नाहीत, गिटहबवर दिवसरात्र नजर ठेवून बसलेले बॉट आहेत. ॲमेझॉनही तशीच नजर ठेवतं आणि फुटलेल्या किल्लीच्या युजरवर क्वारंटाइनची पॉलिसी, म्हणजे हात बांधणारा नियम, चिकटवतं. पण ती त्या एका युजरपुरती. तेवढ्यात चोराने दुसरा युजर काढला, की क्वारंटाइनमध्ये तुमचा जुना युजर आणि गावभर फिरायला नवा मोकळा.

आता या इसमाचा पासवर्ड काढा, दोन्ही किल्ल्या इनॲक्टिव्ह करा आणि शिवाय त्याच्यावर सगळं नाकारणारी डेनाय पॉलिसी लावा. हे 'शिवाय' महत्त्वाचं आहे. किल्ली बंद केली, अगदी डिलीट केली, तरी तिच्या जोरावर आधी काढून ठेवलेली तात्पुरती टोकनं (थोड्या वेळाचे पास) मरत नाहीत. ती ३६ तासांपर्यंत जगू शकतात. म्हणून डेनाय युजरवर लावायचा, किल्लीवर विसंबायचं नाही. तुमच्या मूळच्या, किल्ली फुटलेल्या युजरवरही तेच. तुमचं सॉफ्टवेअर अजून त्याच युजरवर चालत असेल तर त्याला आधी नव्या युजरवर हलवा.

रोल्स (उसने घेता येणारे अधिकार) उघडून प्रत्येकाची ट्रस्ट पॉलिसी, म्हणजे ते कुणाला घेता येतात, ती वाचा. त्यात अनोळखी बारा आकडी अकाउंट नंबर दिसला, तर तो मागचा दरवाजा. एखाद्या ओळखीच्या रोलचा गैरवापर झाल्याचा संशय असेल तर 'रिव्होक ॲक्टिव्ह सेशन्स'चं बटण आहे. लॅम्डाही (क्लाउडवर आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) बघा, तेही सगळ्या रीजनमध्ये. मूळ खात्याचा पासवर्ड बदला आणि त्यावर एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख विचारणं) आहे ना ते तपासा. नाही म्हणू नका, रात्र फार झालीय.

गोदाकाठी (१:०५)

...नव्हतं. आत्ता लावलं.

तिजोरीवाले_काका (सकाळी ७:२०)

मला क्लाउड म्हटलं की जून आठवतो, पण बँकेत ३४ वर्षं किल्ल्यांशीच संसार केला म्हणून लिहितो.

आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याने उघडायची सोय नाही. डुप्लिकेट संच दुसऱ्या शाखेत सीलबंद, वर्षाकाठी त्याची अदलाबदल. किल्ली कुणाकडून कुणाकडे गेली याचं रजिस्टर, सही आणि वेळेसकट. एकदा एका जॉइंट मॅनेजरची किल्ली एसटीत राहिली. कुलूप बदलणारा मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला, पण त्याच रात्री आम्ही आतली रोकड तीनदा मोजली आणि रजिस्टर दोनदा वाचलं. नवं कुलूप बसवणं हे त्यातलं सर्वात सोपं काम होतं.

तुमच्या किल्लीचं रजिस्टर कुठे आहे?

गोदाकाठी (७:४५)

काका, रजिस्टर नाही. म्हणूनच बुधवारची अर्धी गोष्ट लिहायला लाजलो होतो. जुनी किल्ली डिलीट केल्यावर आमचा सर्व्हर चालू राहिला, कारण तिथे मी नवी घातली. पण गुरुवारी सकाळी पॅकहाउसवाल्यांचा फोन आला, लेबलं छापली जात नाहीत. लेबलांच्या संगणकात तीच किल्ली होती. मग बॅकअपची स्क्रिप्ट बंद पडलेली दिसली. मग आमच्या टेस्टिंगवालीच्या लॅपटॉपवर. एक किल्ली किती ठिकाणी आहे हे मला ती मारल्यावर कळतंय.

कडकलक्ष्मी (८:१०)

सगळे एवढ्या गोड आवाजात बोलताय, मला कळत नाही. त्या शिकाऊला आधी घरी पाठवा. कंपनीचा कोड स्वतःच्या खात्यावर? ही चूक नाही, बेजबाबदारपणा आहे.

इंद्रायणीकाठ (८:३१)

असहमत. बावीस वर्षांच्या पोराच्या हाती अख्ख्या खात्याची ॲडमिन किल्ली पोचलीच कशी? लेबलं छापणाऱ्या संगणकाला युजर बनवायचे अधिकार कशाला हवेत?

गोदाकाठी (८:४०)

ती किल्ली मीच काढली होती, २०१९ साली. तेव्हा 'आत्ता सगळे अधिकार देऊ, चालू झालं की कमी करू' असं ठरलं होतं. पोरगा कालपासून जेवलेला नाही, आईचा फोन येऊन गेला. त्याला कुठेही पाठवत नाहीये.

कडकलक्ष्मी (८:५२)

बरं. मग तुम्हाला घरी पाठवा. :)

पेठेतला_पंडित (९:१५)

एवढं रामायण कशाला? रेपो प्रायव्हेट असता तर धागाच निघाला नसता.

डब्लिनकर (९:५०)

पंडितजी, उबरचं २०१६ चं प्रकरण बघा. रेपो प्रायव्हेटच होता. चोर कर्मचाऱ्यांच्या लॉगिनने गिटहबमध्ये शिरले, कोडात ॲमेझॉनची किल्ली सापडली, आणि तिच्यावरून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. प्रायव्हेट रेपो म्हणजे बंद कपाट खरं, पण कपाटात दागिन्यांबरोबर लॉकरची किल्लीही ठेवली तर काय उपयोग?

उलटं उदाहरण टोयोटाचं. कंत्राटदाराने पब्लिक रेपोत टाकलेली किल्ली डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत तशीच पडून होती. जवळपास पाच वर्षं. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते तिच्या आवाक्यात होते. गोदाकाठींना दुसऱ्याच दिवशी कळलं हे नशीबच म्हणायचं, एका परीने.

बाइटवडा (९:५५)

२ लाख ८० हजारांचं नशीब.

चांदणचुरा (१०:२०)

रेपो प्रायव्हेट केला किंवा कमिट (चढवलेला बदल) पुसलं, तरी फुटलेली किल्ली न फुटलेली होत नाही, हेही लिहून ठेवते. गिटचा इतिहास खोडायला साधनं आहेत, पण तोवर फोर्क (इतरांनी घेतलेल्या प्रती) झाले असतील, बॉटने उचललं असेल. इतिहास साफ करा, पण सावकाश, सगळ्यात शेवटी.

आणि गोदाकाठी, घाईत डिलीट करू नका, इनॲक्टिव्ह करा. डिलीट केलेली किल्ली परत आणता येत नाही. इनॲक्टिव्ह केलेली, पॅकहाउसचा फोन आला तर पाच मिनिटांसाठी चालू करता येते.

इंद्रायणीकाठ (१०:४१)

इथे मात्र ताईंशी भांडण. चोराच्या हातात ॲडमिन किल्ली असताना 'पाच मिनिटांसाठी चालू' म्हणजे त्याला चहाला बोलावणं. उघड्यावर फुटली की तत्क्षणी बंद. लेबलं गेली खड्ड्यात.

सांगलीचा_बेदाणा (११:०३)

लेबलं खड्ड्यात जात नाहीत साहेब, द्राक्षं जातात. मार्चमध्ये माल शीतगृहात, कंटेनर दारात, जेएनपीएला जहाजाची वेळ ठरलेली. चार तास लेबल नाही म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळायचं नाही. आमच्याकडे बेदाण्याचे सौदे असतात तेव्हा वीज गेली तरी बॅटरीवर वजनं होतात.

इंद्रायणीकाठ (११:१०)

मी जुन्नरचा आहे हो. आमचीही बाग आहे.

सांगलीचा_बेदाणा (११:१२)

मग तर तुम्हाला कळायलाच हवं!

चांदणचुरा (११:३५)

दोघंही बरोबर आहात, फक्त दोन वेगळ्या कामांबद्दल बोलताय. इंद्रायणीकाठ, पाच मिनिटांची सवलत माझ्याकडून या प्रकरणात मागे घेते.

किल्ली फुटलेली नाही, नुसती जुनी झालीय, तेव्हा निवांत रीत. एका युजरला एकावेळी दोन किल्ल्या ठेवता येतात, त्या याचसाठी. दुसरी काढायची, जिथे जिथे पहिली आहे तिथे ती घालायची, मग पहिलीच्या पुढचं 'लास्ट यूज्ड' बघत राहायचं. ती तारीख थांबली की इनॲक्टिव्ह, आठ-पंधरा दिवस कुणी ओरडलं नाही की डिलीट. महिन्यातून एकदाच चालणारी स्क्रिप्ट असेल तर महिनाभर थांबा.

किल्ली फुटली असेल तर क्रम उलटा. आधी बंद, मग शोध. फक्त लेबलांसारख्या कामासाठी त्याच वेळी दुसरा, नवा युजर काढायचा, ज्याला एका बकेटमधल्या (क्लाउडवरच्या एका कप्प्यातल्या) फाइली वाचण्यापलीकडे काही येत नाही. त्याला दहा मिनिटं लागतात. द्राक्षं दहा मिनिटं थांबतात.

सांगलीचा_बेदाणा (११:३८)

दहा मिनिटं थांबतात. मान्य.

अजून_एक_अनामिक (दुपारी १२:१५)

अवांतर: आमच्या सोसायटीत पाण्याच्या पंपाच्या खोलीची किल्ली हरवली. कमिटीने नवं कुलूप लावलं आणि त्याची किल्ली त्याच जागी ठेवली, मीटरच्या पेटीवर. कारण 'सगळ्यांना माहीत आहे'.

पेठेतला_पंडित (१२:२२)

आमच्या वाड्यात कुलूपच नव्हतं. चोर आला तर आजी विचारायची, कुणाकडचा रे तू?

तिजोरीवाले_काका (१२:४०)

तेही एक प्रकारचं एमएफए.

डब्लिनकर (१:३०)

=)) काका!

रजिस्टरचा विषय काकांनी काढला म्हणून एक किस्सा, जो मी ऑफिसात प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या कंपन्यांची लॉगिनं सांभाळणाऱ्या कंपनीची मदत-यंत्रणा फोडली गेली आणि तिच्यातून क्लाउडफ्लेअरच्याही काही किल्ल्या गेल्या. क्लाउडफ्लेअर ही सुरक्षा विकणारी कंपनी, त्यांना काय करायचं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी बदलाबदली केली. पण एक टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट (माणसांऐवजी प्रोग्राम वापरतात ती खाती) राहून गेली. विसरली म्हणून नव्हे, 'ही वापरात नाहीत' असा समज होता म्हणून. नोव्हेंबरच्या मध्यावर चोर त्याच चारांवरून आत आला, त्यांच्या विकीत आणि कोडात हिंडला. २३ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, तो सापडला.

मग त्यांनी ५,००० हून जास्त किल्ल्या बदलल्या. साओ पाउलोतलं नवं डेटा सेंटर अजून सुरूही झालं नव्हतं, चोर तिथे शिरू शकला नव्हता, तरी तिथली यंत्रं तपासायला बनवणाऱ्यांकडे परत पाठवली. हे सगळं त्यांनी स्वतःच फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

तेव्हा गोदाकाठी, तुमच्या यादीत 'ही कुणी वापरत नाही' असं जिच्यापुढे लिहिलंय ती किल्ली आधी मारा.

म्हापसेकर (२:०५)

देव बरे करू. मी म्हापशाला होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट करतो, फार मोठं काम नाही. पण तीन पानं वाचली आणि एक प्रश्न कुणीच विचारला नाही. त्या डॉट-ईएनव्ही फाइलमध्ये ॲमेझॉनच्या किल्लीशिवाय आणखी काय होतं?

बाइटवडा (२:०७)

*पिन पडल्याचा आवाज*

गोदाकाठी (२:३०)

डेटाबेसचा पासवर्ड. एसएमएस गेटवेची किल्ली. ईमेल पाठवायच्या खात्याचा पासवर्ड. नकाशांची एपीआय की. आणि लॉगिनच्या टोकनवर सही करायचं सिक्रेट.

यातलं मी एकही बदललेलं नाही.

चांदणचुरा (२:४१)

म्हापसेकर, मला हा प्रश्न रात्रीच सुचायला हवा होता. लाज वाटली.

सहीचं सिक्रेट आत्ता बदला. ते ज्याच्याकडे आहे तो तुमच्या कुठल्याही ग्राहकाच्या नावाने टोकन बनवू शकतो, पासवर्ड न लागता. बदललं की सगळे ग्राहक लॉगआउट होतील, त्यांना आधी व्हॉट्सॲपवर कळवा. मग डेटाबेस, आणि तो बाहेरच्या इंटरनेटला उघडा आहे का ते बघा. मग एसएमएस. तुमच्या नावाने फसवे मेसेज शेतकऱ्यांना गेले तर बिलापेक्षा ते महाग पडेल.

आणखी एक. चोराने काय काय केलं ते क्लाउडट्रेलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या रजिस्टरच्या, इव्हेंट हिस्टरीत ९० दिवसांपर्यंत दिसतं. पण ती रीजनप्रमाणे बघावी लागते, आणि आयएएमच्या नोंदी मुंबईत नाही, उत्तर व्हर्जिनियात सापडतील. जुन्या किल्लीचा एकेआयएने सुरू होणारा नंबर मेलमध्ये असेल, तो टाकून शोधा. 'बॅकअप-ॲडमिन'चं नाव टाकूनही.

गोदाकाठी (३:१५)

तरीच! मुंबईत काहीच दिसत नव्हतं, मला वाटलं चोराने नोंदी पुसल्या. व्हर्जिनियात सगळं आहे.

एक शंका. एस-थ्रीमधल्या (ॲमेझॉनचं फाइलींचं गोदाम) आमच्या फाइली, म्हणजे शेतकऱ्यांचे सातबारे आणि बँक पासबुकांचे फोटो, त्याने उतरवून घेतले का ते कुठे दिसेल?

चांदणचुरा (३:२२)

त्या नोंदी आपोआप ठेवल्या जात नाहीत, वेगळ्या चालू कराव्या लागतात. केल्या होत्या का?

गोदाकाठी (३:२४)

नाही.

इंद्रायणीकाठ (३:४०)

मग घेतल्या असं धरून चाला. एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवायचं असतं. ते तास उलटून गेले, तरी आजच कळवा, उशीर का झाला तेही लिहा. वकिलाशी बोला. आणि शेतकऱ्यांना तुमच्याकडून कळू दे, बाहेरून नको.

सांगलीचा_बेदाणा (३:५२)

यावर विनोद नाही. कळवा दादा. शेतकरी चिडेल, पण लपवलंत तर पुढच्या हंगामात दारात उभं करणार नाही.

पेठेतला_पंडित (५:१०)

पण मग दर ९० दिवसांनी सगळ्या किल्ल्या बदलायचा नियमच का करू नये? आमच्या मुलाच्या कंपनीत आहे.

डब्लिनकर (५:४५)

नियम करा, पण गोदाकाठींची किल्ली नऊ मिनिटांत गेली. ९० दिवसांच्या नियमाने काय वाचलं असतं? त्यापेक्षा कायमची किल्लीच नको. सर्व्हर ॲमेझॉनवरच असेल तर त्याला रोल द्या, तात्पुरती टोकनं आपोआप येतात आणि बदलतात. गिटहबवरून कोड चढवायचा असेल तर तिथेही ओआयडीसीने (कायमची किल्ली न ठेवता ओळख पटवायची पद्धत) तासाभराचं टोकन मिळतं. फाइलीत लिहायला काही उरलंच नाही, तर पोरगं चढवणार काय?

कडकलक्ष्मी (५:५०)

पोरगं काहीतरी शोधेलच. पण +१.

गोदाकाठी (रविवार, रात्री ९:३०)

मंडळी, हालहवाल.

सर्ट-इनला शुक्रवारी रात्री कळवलं. काल ४१ शेतकऱ्यांना आणि तिन्ही पॅकहाउसना मी स्वतः फोन केले. दोघांनी शिव्या घातल्या, एकाने विचारलं, 'म्हणजे माझा सातबारा अमेरिकेत गेला?' उत्तर देता आलं नाही. बिलाबद्दल ॲमेझॉनच्या सपोर्टकडे केस टाकलीय, काय काय साफ केलं त्याची यादी त्यांना दिलीय. अजून काही ठरलेलं नाही.

काका, रजिस्टर केलं. साधी वही नाही, एक्सेल आहे, पण रकाने तुमचेच: कुठली किल्ली, कुठे कुठे आहे, कुणी काढली, काय काय उघडते. ते भरायचं काम त्याच पोराला दिलं. दोन दिवसांत त्याने २३ नोंदी शोधल्या. मला नऊ आठवत होत्या. दिंडोरीच्या लेबलांच्या संगणकावर २०१९ च्याही आधीची एक किल्ली निघाली, डब्लिनकरांनी म्हटलं तशी, 'ही कुणी वापरत नाही'वाली. लास्ट यूज्ड: मागचा सोमवार. वापरणारा आमचाच बॅकअप निघाला, पण छातीत धस्स झालं.

२३ पैकी २२ बदलल्या. राहिली एसएमएस गेटवेची. खातं ज्याच्या नावावर आहे तो गडी तीन वर्षांपूर्वी सोडून गेला, सध्या मस्कतला असतो. पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच्याच जुन्या नंबरवर जातो.

बाइटवडा (९:३४)

त्याला द्राक्षाची पेटी पाठवा. निर्यात दर्जाची.

गोदाकाठी (९:५८)

विचारलं. म्हणतो दोन पाठव, आणि लेबल नीट लाव.